सरळ पुंगळी, वाकडा नियम

नियम कशासाठी केला याचे विस्मरण झाले आणि नियम मात्र उरला, की प्रशासनात एक विलक्षण अवस्था निर्माण होते. नियमाचे पालन काटेकोरपणे होत राहते, फायली वेळेवर फिरतात, नोंदवह्या भरतात, आणि नियमाचा हेतू मात्र दररोज पराभूत होत असतो. या अवस्थेचे उदाहरण म्हणून प्रस्तुत लेखात बंदुकीच्या काडतुसाचा विचार केला आहे. विषय अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे; पण राज्यसंस्था ज्या वस्तूला सर्वाधिक भिते, त्या वस्तूविषयीच्या नियमांत तिचा स्वभाव सर्वाधिक स्पष्ट दिसतो. येथील मते वैयक्तिक आहेत, हे नेहमीप्रमाणे गृहीत धरावे.

ओहायो, मिशिगन, आयोवा अशा राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना हे ठाऊक असेल, की नोव्हेंबर उजाडला की तेथील कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून एकाच विषयाची चर्चा चालते. हरणाचा हंगाम सुरू होतो, आणि यंदा रायफल कोणती घ्यावी, .४५-७० की .४५० बुशमास्टर की .३५० लेजंड, यावर वाद झडतात. ही तिन्ही नावे ‘सरळ पुंगळी’च्या काडतुसांची आहेत. काडतुसाची पितळी पुंगळी दोन प्रकारची असते. एक, बाटलीसारखी, खाली रुंद आणि गळ्याशी निमुळती; तीत दारू जास्त मावते, गोळी बारीक असते, वेग प्रचंड असतो आणि पल्ला लांब. दुसरी, बुडापासून तोंडापर्यंत जवळजवळ सरळ. तिच्यातून सामान्यतः जाड, जड आणि तुलनेने मंद गोळी सुटते. अशी गोळी शंभर-दीडशे मीटरवर हरणाला लोळवते. पण तिचा वेग लवकर ओसरत असल्यामुळे ती फार दूर जात नाही.

मक्याच्या सपाट शेतांच्या आणि दाट वस्तीच्या या मध्य-पश्चिम पट्ट्यात सरकारांची चिंता रास्त होती. हरणाला न लागलेली गोळी शेजारच्या गावात पोहोचू नये, म्हणून तेथे दीर्घकाळ हरणासाठी रायफल निषिद्धच होती. छर्ऱ्याच्या बंदुकीतून एकसंध शिसगोळी झाडावी, असा दंडक होता. पुढे २०१४ साली ओहायो आणि मिशिगन यांनी, आणि २०१७ साली आयोवाने, सरळ पुंगळीच्या रायफलींना मुभा दिली. मिशिगनने आपल्या दक्षिण भागासाठी मोजमापही ठरवून दिले: गोळीचा व्यास किमान .३५ इंच, पुंगळीची लांबी १.१६ ते १.८० इंच.

आता या मोजमापाची गंमत पाहावी. .४५-७० हे काडतूस अमेरिकन लष्कराने १८७३ साली स्वीकारले. त्याची मूळ गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची, आणि आजच्या मानाने अतिशय संथ. हरणासाठी आणि शेजाऱ्याच्या जिवासाठी यापेक्षा सौम्य पर्याय शोधणे कठीण. परंतु तिची पुंगळी २.१०५ इंच लांब आहे; म्हणून मिशिगनच्या त्या नियमात ती बसली नाही. उलट २००७ साली बाजारात आलेले .४५० बुशमास्टर १.७० इंचांचे, ते २५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगाने फेकते, आणि ते नियमात चपखल बसले. पुढे २०१९ साली विंचेस्टर कंपनीने .३५० लेजंड हे काडतूसच मुळी अशा राज्यांचे नियम समोर ठेवून बाजारात आणले: गोळीचा व्यास मर्यादेच्या जरा वर, पुंगळी मर्यादेच्या जरा आत, आणि वेग साधेल तितका जास्त. येथे रायफलीची निवड शिकाऱ्याने केलेली नाही, ती मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाने केली आहे. आमच्या अर्थशास्त्रात चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक सूत्र सांगितले जाते, १९७५ सालचे: एखादे मापच उद्दिष्ट बनवले, की ते माप म्हणून निरुपयोगी होते. लांबी मोजाल तर बाजार लांबीचे पालन करील; वेगाची जबाबदारी तो घेणार नाही.

तेथील ज्या मराठी गृहस्थांना अशी रायफल खरोखरच निवडायची आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्ये खर्च करतो. पहिले हे, की त्या वर्षीच्या हंगामाची नियमपुस्तिका आधी वाचावी आणि दुकान नंतर गाठावे, कारण हे नियम वारंवार बदलतात. दुसरे हे, की जाड गोळीचा धक्का खांद्याला जाणवतो. जो माणूस धक्क्याला बिचकतो त्याच्या हातून हरीण मरत नाही, जखमी होते. म्हणून आपल्याला नेम धरून झाडता येईल तेवढेच बोअर घ्यावे, त्याहून मोठे नाही.

तरीही अमेरिकन राज्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तेथे नियमाचा हेतू उघडपणे सांगितला जातो, आणि म्हणून तो तपासता येतो. २००७ साली पेनसिल्व्हानियाच्या विधिमंडळाच्या एका समितीने असा अभ्यास करवून घेतला, की छर्ऱ्याची बंदूक ही रायफलीपेक्षा खरोखर कमी धोकादायक आहे काय? निष्कर्ष अनपेक्षित होता. नळी वर उचलून झाडल्यास रायफलीची गोळी अधिक दूर जाते, हे खरे. पण जमिनीला समांतर झाडलेली जाड शिसगोळी जमिनीवर आपटून उसळते आणि एकंदर अंतर रायफलीच्या गोळीहून जास्त कापू शकते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली समजूत एका अहवालाने प्रश्नांकित केली. हेतू लिहिलेला होता म्हणूनच हे शक्य झाले. ज्या नियमाचा हेतू लिहिलेला नाही, त्याची परीक्षा कशी घ्यायची?

येथून आपण आपल्या घराकडे वळू. काडतूस आणि राज्यकर्त्यांची भीती यांचे नाते हिंदुस्थानात १८५७ पासूनचे आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या भीतीतून १८७८ चा शस्त्र कायदा आला. आणि त्याच भीतीतून बोअरचे, म्हणजे नळीच्या व्यासाचे, एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले.

१८९८ साली लंडनच्या रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस काढले. मोठ्या बोअरचे, सरळ पुंगळीचे, सुमारे ३१ ग्रॅमच्या गोळीचे हे काडतूस गवा आणि हत्ती यांच्या शिकारीत झपाट्याने मान्यता पावले. पण सरकारला निराळीच धास्ती होती. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी बंदुका सरहद्दीवर लोकांच्या हाती होत्या आणि त्यांची गोळीही .४५० च्या मापाची. शिकारीच्या काडतुसातील गोळी काढून ती बंडखोरीला वापरता आली असती. म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरच्या आयातीवर बंदी आली. परिणाम काय झाला? लंडनच्या बंदूक-कारागिरांनी .४७०, .४६५ अशी नवी बोअरे बाजारात आणली. सरळ पुंगळीऐवजी निमुळती पुंगळी, आणि गोळी पूर्वीपेक्षा किंचित जाडच. संस्थानिक आणि साहेब यांनी नवी रायफल विकत घेतली, बंदीचा मान राहिला, आणि हत्तीच्या नशिबात काही फरक पडला नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पोलिस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांच्या हाती बंदूक तर द्यायची, पण ती लष्कराची .३०३ काडतुसे झाडू शकणार नाही अशी द्यायची, असा प्रश्न सरकारपुढे होता. त्यासाठी इशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्ड रायफलीचे आटे काढून नळी गुळगुळीत केली गेली, एका वेळी एकच बार निघेल अशी तजवीज केली गेली, आणि .३०३ च्या पुंगळीचा गळा निमुळता न करता ती सरळच ठेवून .४१० मस्केटचे काडतूस तयार झाले. अमेरिकेत सरळ पुंगळी ही शेजाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी आली. हिंदुस्थानात ती स्वतःच्याच शिपायावरच्या अविश्वासातून आली. धातू एक, आकार एक, हेतू मात्र अगदी निराळा.

१९४७ साली राज्यकर्ते बदलले. १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला, १९६२ साली त्याचे नियम, आणि २०१६ साली त्या नियमांच्या जागी नवे नियम आले. पण बोअरचे शास्त्र टिकून राहिले. आजही बंदुकीच्या परवान्याच्या भाषेतील पहिला प्रश्न हाच, की बोअर निषिद्ध की अनिषिद्ध? लष्कराचे काडतूस ज्या बंदुकीत बसते ती सामान्य नागरिकाला नाही. म्हणून आपल्याकडे .३१५ बोअरची रायफल रूढ झाली. तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराचे, आठ मिलिमीटरचे; म्हणजे आपल्या सैन्याचे काडतूस निषिद्ध आणि परक्या, कालबाह्य साम्राज्याच्या सैन्याचे चालेल. ही रायफल सरकारी कारखान्यानेच बनवली, आणि तिची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यात भरली जात. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, तरी बोअरची विभागणी तशीच आहे. आणखी गंमत अशी, की ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस निषिद्ध, पण .३०-०६ ची रायफल अनिषिद्ध म्हणून सरकारी कारखानाच बनवतो. हिच्या गोळीचा व्यासही ७.६२ मिलिमीटरच, ताकद किंचित जास्तच, आणि एके काळी तीही अमेरिकन लष्कराचीच होती. जनतेच्या जिवाला असलेला धोका या वर्गीकरणात कोठे मोजला आहे, हे मला अनेकदा वाचूनही सापडलेले नाही.

आता मूळ प्रश्न भारतापुरता विचारू: हरणासाठी कोणती रायफल घ्यावी? उत्तर एका शब्दात देता येते: कोणतीही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हैसूरमध्ये राहणाऱ्याला याविषयी शंका असू नये. व्हॅन इंगन बंधूंची मृत प्राण्यांत पेंढा भरून ते जिवंतसारखे करण्याची प्रख्यात कर्मशाळा याच शहरात होती. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अखेरपर्यंत देशभरच्या शिकाऱ्यांनी मारलेले हजारो वाघ-बिबटे येथे येत आणि मुंडकी किंवा कातडी होऊन परत जात. शिकारबंदीपूर्वी जंगलांचे काय झाले, याचा तो हिशेबच होता. याच शहराच्या महाराजांनी, जयचामराजेंद्र वडियार यांनी, १९५२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय वन्यजीव मंडळाचे अध्यक्षपद भूषवले, हेही तितकेच खरे. तेव्हा शिकारीचा छंद पुन्हा खुला करावा अशी मागणी करणाऱ्या मंडळींनी प्रस्तुत लेखाचा आधार घेऊ नये.

पण एक दार त्या कायद्यानेच उघडे ठेवले आहे, आणि तेथेच बोअरचा प्रश्न जिवाशी येतो. कलम ११ अन्वये, मनुष्याच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका करणारा ठरावीक अनुसूचीतील प्राणी मारण्याची लेखी परवानगी वनखात्याचा सक्षम अधिकारी देऊ शकतो. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर यांना काही काळापुरते उपद्रवी ठरवले. २०२२ साली केरळने रानडुकरांबाबतचा परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत नेला. परवानगी कोणी द्यावी, किती दिवसांत द्यावी, प्रेताची विल्हेवाट कशी लावावी, यावर आपल्याकडे बरेच लिहिले गेले. प्राणी कशाने मारावा, यावर मात्र कलम ११ मध्ये एक शब्दही नाही.

त्याचे उत्तर दुसऱ्या खात्याच्या कायद्यात आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १३(३) नुसार पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्याला मिळू शकते ती ठासणीची बंदूक. ती अपुरी असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. कोकणातील वाचकांनी ‘शेतीसंरक्षण परवाना’ या नावाने ही बंदूक पाहिलेली असेल. तोंडाकडून दारू ओतायची, चिंधी ठासायची, शिसे किंवा लोखंडाचे तुकडे भरायचे, एक बार काढायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डुक्कर पिकात शिरते ते बहुधा रात्री, आणि कोकणात भात उभे असते ते पावसाळ्यात. त्या हवेत दारू सर्दावते. बार लागला तरी तो प्राणघातक ठरेलच असे नाही. जखमी डुक्कर झाडीत शिरते. त्याचा माग काढणारा शेतकरी आपला जीव धोक्यात घालतो, आणि ते डुक्कर चार दिवस कुजत मरते. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की अनेकदा हीसुद्धा बंदूक पोलिस ठाण्यात जमा होते. पीक कोणत्या अवस्थेत आहे, हे त्या आदेशात पाहिले जात नाही.

मग शेतकरी काय करतो? तो बोअरचा कायदा पाळतो आणि कुंपणात वीज सोडतो. तारेचे फासे लावतो. फळात किंवा कणकेच्या गोळ्यात स्फोटके भरून ठेवतो. मे २०२० मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात गाभण हत्तीणीचा स्फोटकांनी जबडा फुटून मृत्यू झाला, तेव्हा सगळा देश हळहळला. फासा डुकराला लावलेला असतो, त्यात बिबट्या अडकतो. वीज डुकरासाठी सोडलेली असते, तिने हत्ती मरतो आणि कधी पहाटे पाणी लावायला गेलेला शेजारीही. बंदीपूर आणि नागरहोळे यांच्या कडेने जी गावे आहेत, तेथील माणसांना यात नवे काही वाटणार नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत, कायदेशीर साधनाची किंमत वाढवली की बेकायदेशीर साधनाची मागणी वाढते. साध्या भाषेत, आपण बंदूक निकामी केली आणि हत्या अधिक क्रूर केली.

म्हैसूरच्या शेजारीच याचा उलटा पुरावा आहे. कोडगूमधील कोडव आणि जम्मा जमीनधारक यांना १८६१ साली, मार्क कबन आयुक्त असताना, निःशस्त्रीकरणाच्या कायद्यातून वगळण्यात आले. स्वतंत्र भारताने १९६३ साली ती सवलत चालू ठेवली, २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढवली, आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. जन्मावर किंवा जमिनीच्या धारणेवर शस्त्राचा अधिकार ठरावा, हे तत्त्व म्हणून मला मान्य नाही. पण या उदाहरणातून एक गोष्ट सिद्ध होते: राज्यसंस्थेने मनात आणले तर ती ‘बंदूक कोणाची आणि कशासाठी’ असा प्रश्न विचारू शकते. मग हा प्रश्न ती चामराजनगरच्या शेतकऱ्याबाबत, सिंधुदुर्गाच्या शेतकऱ्याबाबत का विचारत नाही?

यावर ठरलेला आक्षेप येईल, की बोअर सैल केले तर बंदुका वाढतील, आणि त्या डुकरांवर नव्हे, माणसांवर चालतील. आक्षेप गंभीर आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर आला आहे. मी बंदुका वाढवा असे म्हणत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली; ती आणखी खाली आणली तरी माझी हरकत नाही. शिवाय गुन्ह्यांसाठी जो गावठी कट्टा वापरला जातो, तो बोअरचा तक्ता वाचून बनवला जात नाही. माझे म्हणणे इतकेच, की जो एक माणूस सरकारच्या लेखी परवानगीने एक प्राणी मारणार आहे, त्याच्या हाती तो प्राणी एका बारात मारणारे साधन असावे.

असे नियम लिहिता येतात. जर्मनीच्या शिकार कायद्यात रो जातीच्या लहान हरणासाठी शंभर मीटरवर गोळीची ऊर्जा किमान १००० ज्यूल, आणि त्याहून मोठ्या खुरधारी प्राण्यांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि २००० ज्यूल, अशी अट आहे. आणि परवान्यापूर्वी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तेथेही व्यासाचा आकडा आहेच, पण नियमाचा गाभा ‘प्राणी तडफडू नये’ हा आहे आणि तो आकड्यात मोजला आहे. आपण घाबरतो कशाला, हे त्यांनी आधी ठरवले आणि मग तेच मोजले.

म्हणून माझ्या सूचना तीन. पहिली, शस्त्रनियमांच्या परिशिष्टातील प्रत्येक वर्गवारीखाली तिचा हेतू एका वाक्यात लिहावा. ज्या वर्गवारीला असे वाक्य सुचणार नाही, ती रद्द करावी. दुसरी, कलम ११ ची परवानगी, नेमबाज आणि शस्त्र ही तिन्ही एकाच आदेशात यावीत. प्रत्येक तालुक्यात मोजके, परीक्षा दिलेले नेमबाज असावेत. त्यांच्यासाठी जवळच्या पल्ल्याची, जाड आणि संथ गोळीची रायफल प्रमाणित करावी आणि ती वनखात्याच्या कोठीत राहावी. प्रत्येक काडतुसाचा आणि प्रत्येक पुंगळीचा हिशेब व्हावा. २०१६ च्या नियमांत सुरक्षितता-प्रशिक्षण आलेच आहे. त्यात पन्नास मीटरवरच्या नेमाची भर घालणे अवघड नाही. वस्तीलगतच्या उसात आणि भातात सरळ पुंगळीचे जुने, संथ काडतूस कदाचित सर्वांत योग्य ठरेल. पण ते आधी मोजावे, पेनसिल्व्हानियाने मोजले तसे, आणि मग ठरवावे. तिसरी, गृह आणि वन या दोन खात्यांनी हा विषय एकमेकांकडे टोलवणे थांबवावे. एक खाते परवानगी देते आणि दुसरे साधन नाकारते, हा समन्वयाचा अभाव नसून जबाबदारी टाळण्याची ती सोयीस्कर पद्धत आहे; आणि तिची किंमत दोन्ही खात्यांच्या अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही.

१९०७ साली .४५० वर बंदी घालणाऱ्या अधिकाऱ्याला निदान आपण कोणाला भितो हे ठाऊक होते. आज त्याच्या जागी बसलेल्या आपल्याला तेवढेही सांगता येत नसेल, तर त्याचा तक्ता पुढे चालवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.